बोकोबा रुसले नव्हते

संपादकांचा निरोप आला, की दिवाळी अंकात या सदरासाठी काही प्रसन्न, फराळाच्या ताटाला शोभेलसे लिहावे. मी आज्ञाधारक माणूस आहे; परंतु गेल्या दिवाळीची आठवण काढली, की माझ्या डोळ्यांपुढे चकल्या-अनारसे येत नाहीत; येते ती दादाची भिजलेली गादी. ती आमच्या बोक्याने भिजवली होती. तेव्हा वाचकांनी ताट जरा बाजूला ठेवून हा मजकूर वाचावा, किंवा मजकूर बाजूला ठेवून आधी फराळ उरकून घ्यावा.

गुंड्या हा आमचा बोका. तीन पावसाळ्यांपूर्वी जिन्यात ओरडत बसला होता, धाकटीने उचलून आणला आणि तो राहिलाच. आमचे बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. खाली मोटारींची वर्दळ आणि कुत्र्यांचे राज्य. म्हणून गुंड्याचे सारे आयुष्य या तीन खोल्यांतच. न्हाणीघराबाहेरच्या बोळात त्याचा वाळूचा ट्रे असे. पहिल्या दिवशी त्याला त्यात नुसते उभे केले. त्याने दोनदा हुंगले, पंजाने खळगा केला, काम उरकले, वरून वाळू लोटली आणि निघून गेला. त्यानंतर एकदाही चूक नाही. धाकटीला हेच शिकवायला दोन वर्षे लागली होती, हे सौ. अजूनही चारचौघांत सांगते.

यात गुंड्याची हुशारी फारशी नाही, तो रक्ताचा गुण आहे. घरातल्या मांजराचे मूळ म्हणजे पश्चिम आशिया आणि उत्तर आफ्रिकेच्या कोरड्या मुलखातले रानमांजर. पाणी बेताने पिणे आणि मऊ मातीत उकरून झाकून टाकणे ही त्याच्या कुळाची रीत. आईच्या माहेरी कोकणात मांजराच्या या विधीची चौकशी कधी कोणी केली नाही. परसात केळींच्या बुडाशी भुसभुशीत माती होती. पावसाची झड लागली तर चुलीच्या राखेचा ढीग होता. चौथ्या मजल्यावर ना परस, ना चूल. अमेरिकेत मिशिगन राज्यात एडवर्ड लो नावाचा गृहस्थ सांडलेले तेल टिपण्यासाठी मातीचे सुके दाणे विकत असे. १९४७ साली त्याने तेच दाणे राखेऐवजी मांजरांसाठी विकायला काढले, आणि तेव्हापासून परस पिशवीतून मिळू लागले. आज आपण ती पिशवी दुकानातून आणतो आणि मांजराची सोय झाली असे समजतो. सोय आपली झालेली असते. मांजराची झाली की नाही, हे विचारायचे राहूनच जाते.

गेल्या दिवाळीला नागपूरहून दादा, वहिनी आणि त्यांचा नातू यायचे होते. सौ.ने साफसफाई काढली. पाहुण्यांच्या वाटेत मांजराचा ट्रे बरा दिसत नाही म्हणून तो मी मागच्या बाल्कनीत कपडे धुण्याच्या यंत्राशेजारी नेऊन ठेवला. नेण्याआधी तो फिनेलने खसाखसा घासला. आणि दरवेळची साधी माती न आणता गुलाबाच्या वासाची नवी माती आणली. ही तिन्ही कामे मी स्वतः केली आणि तिन्हींबद्दल सौ.कडून शाबासकी घेतली, हे मुद्दाम नमूद करतो.

मग दिवाळी आली. नरक चतुर्दशीच्या पहाटेपासून खालच्या चौकात फटाक्यांच्या माळा सुरू झाल्या. गुंड्या कपाटामागे गेला तो जेवायलाही नीट बाहेर येईना. आला की दादाचा नातू हौसेने त्याची शेपूट धरी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी दादाची गादी भिजली. संध्याकाळी न्हाणीघराच्या फरशीवर थोडे डाग दिसले. पाडव्याला सकाळी वहिनीची घडी न मोडलेली साडी भिजली, आणि घरात न्यायालय भरले.

"भावजी, हा मुद्दाम करतो बरं का," वहिनी म्हणाल्या. "आमच्याच वस्तू बरोबर शोधून काढतो."

"अरे, रुसलाय तो," दादा म्हणाला. "पाहुणे आलेले त्याला खपत नाही. मांजराची जात, सूड घेतल्याशिवाय राहायची नाही."

सर्वांना हे पटले. मलाही पटले, आणि लिहिताना लाज वाटते, पण मी गुंड्याची मान धरून त्याचे नाक त्या साडीशी नेले आणि वर एक चापट दिली. त्याने कान पाडले आणि माझ्याकडे न पाहता कपाटामागे गेला. दुपारी असे ठरले, की भाऊबीज आटोपली की याला पिशवीत घालून मासळीबाजारात सोडून यायचे. तिथे खायला मिळते, दुसरी मांजरे असतात, असे आम्ही एकमेकांना सांगितले. धाकटी जेवली नाही. एका जनावरापायी सण नासायचा नाही, असे मीच तिला म्हणालो.

त्या रात्री अडीचच्या सुमारास आईने मला हलवून उठवले. वयामुळे तिला झोप कमी. न्हाणीघरात दिवा होता आणि गुंड्या गार फरशीवर पाठ वाकवून बसला होता. तो कण्हत होता; आवाज मांजराचा वाटत नव्हता. उठे, दोन पावले जाई, पुन्हा बसे. फरशीवर एक थेंब होता आणि त्याला किंचित लाली होती.

"अगं आई, पुन्हा घाण करतोय तो. झोप तू."

"घाण कुठली रे," आई म्हणाली. "त्याला होत नाहीये. तुझ्या वडिलांचं शेवटी असंच व्हायचं. मी रात्र रात्र दाराबाहेर उभी असायची. मला कळतं ते."

वडिलांचे नाव निघाल्यावर मी काही बोललो नाही. टोपलीत जुना टॉवेल घातला, गुंड्याला ठेवले आणि रात्री उघडा असलेला जनावरांचा दवाखाना शोधत निघालो. धाकटी न विचारता रिक्षात बसली.

तिथल्या डॉक्टरीणबाईंनी पोटाला हात लावला आणि म्हणाल्या, "मूत्राशय दगडासारखा झालाय. वाट बंद आहे. आणलंत ते बरं केलंत." नर मांजराची मूत्रनलिका अतिशय अरुंद असते. मूत्राशयाला सूज आली की त्यातला चिकट स्राव आणि बारीक खडे मिळून तिथे बूच बसते. मग मूत्रपिंडे काम सोडतात, रक्तातले पोटॅशियम वाढते आणि दोन-तीन दिवसांत हृदय बंद पडून जनावर दगावते. मासळीबाजारात आम्ही त्याला मरायलाच सोडणार होतो. शिवाय पाळलेले जनावर असे टाकून देणे १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे, हेही मला त्या रात्रीच कळले.

गुंगी देऊन नळी घातली, सलाईन लावले. बाहेर बाकावर बाईंनी माझी उलटतपासणी घेतली. ट्रे हलवला का? हलवला. कुठे? यंत्राशेजारी. यंत्र घरघरते का? घरघरते. फटाके तिकडूनच ऐकू येतात का? येतात. माती बदलली का? वासाची आणली. धुतला कशाने? फिनेलने. एकेका उत्तरासरशी मी बाकावर खाली खाली सरकत होतो. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती आम्ही देऊन बसलो होतो. आणि चोर बाकावर बसून उत्तरे देत होता.

त्यांनी सांगितले ते मी वहीत लिहून घेतले. ज्यांच्या घरी मांजर आहे त्यांच्यासाठी ते इथे देतो.

पहिली गोष्ट : ट्रे सोडलेले मांजर आधी डॉक्टरांकडे न्यावे. मांजराला लघवीला जळजळ होते, तेव्हा त्याच्या लेखी ती जळजळ ट्रेनेच केलेली असते; म्हणून ते मऊ गादी किंवा गार फरशी शोधते. बद्धकोष्ठ झालेलेही असेच करते. म्हातारे मांजर सांधे दुखतात म्हणून उंच काठ ओलांडत नाही. मूत्रपिंडाचा विकार वा मधुमेह असेल तर लघवी इतकी होते, की ट्रे गाठवत नाही. आणि बोका वारंवार बसून कुंथत असेल व थेंबही येत नसेल, तर सकाळ होण्याची वाट पाहू नये.

उभ्याने, शेपूट थरथरवत भिंतीवर फवारा मारणे हा प्रकार निराळा. ती हद्दीची खूण. बोक्याची वेळेवर शस्त्रक्रिया केली तर ती खोड बहुतेक जाते.

दुखणे नसेल, तर ट्रेकडे वळावे. ट्रे मांजराच्या लांबीच्या दीडपट तरी असावा. दुकानातले पुष्कळसे ट्रे गुंड्यासारख्या देहाला तोकडेच पडतात. मांजरे जितकी, त्याहून एक ट्रे जास्त, आणि तेही एका रांगेत नव्हे, वेगवेगळ्या जागी. जागा शांत हवी, जेवणाच्या थाळीपासून दूर हवी, आणि कोणी वाट अडवली तर पळता यावे अशी हवी. माती बारीक, बिनवासाची आणि दोन इंच तरी खोल. गुलाबाचा वास आपल्या नाकासाठी असतो. मांजराचे नाक आपल्याहून कितीतरी तीक्ष्ण, त्याला तो सहन होत नाही. घाण रोज दोनदा काढावी आणि ट्रे आठवड्याला साध्या साबणाने धुवावा. माती बदलायचीच असेल, तर जुनीत थोडी थोडी नवी मिसळत बदलावी.

फिनेलबद्दल बाईंनी मला दोनदा बजावले. त्यातले फिनॉलजातीचे पदार्थ मांजराच्या यकृताला निकामी करता येत नाहीत. मांजर ओल्या फरशीवरून चालते, पंजे चाटते आणि विष पोटात जाते. डाग पडलेली जागा धुवायला एन्झाइमयुक्त द्रव मिळतो, तो वापरावा. अमोनिया असलेली औषधे तर नकोतच. त्या वासाने मांजराला तिथे पुन्हा बसावेसे वाटते.

राहिली गोष्ट सुडाची. मांजर सूड घेत नाही. ते भेदरते, आणि भेदरलेल्या मांजराच्या मूत्राशयाला नुसत्या ताणानेही सूज येते. अमेरिकेतल्या ओहायो राज्य विद्यापीठाचे डॉ. टोनी बफिंग्टन यांनी या दुखण्याचा अनेक वर्षे अभ्यास केला. लपायला जागा, चढायला उंचवटा, रोजचा ठरलेला क्रम आणि खेळ मिळाले, की अशा मांजरांचा त्रास कमी होतो, असे त्यांना दिसून आले. मारणे, नाक घासणे याने भीती वाढते आणि दुखणेही वाढते. वर पाणी पोटात जास्त जावे म्हणून कोरड्या दाण्यांबरोबर ओले अन्न द्यावे आणि पाण्याच्या वाट्या दोन-तीन ठिकाणी ठेवाव्यात.

चौथ्या दिवशी गुंड्या घरी आला, एका पायाचे केस भादरलेले आणि बराच रोडावलेला. आईने ट्रे आधीच बोळात आणून ठेवला होता, जुनी माती घालून. तो हळूहळू तिथे गेला, हुंगला, खळगा केला. आई, सौ., धाकटी आणि मी असे चौघे श्वास रोखून दारात उभे होतो. वाळूवर धार पडल्याचा आवाज आला तेव्हा आईने डोळ्यांना पदर लावला. सणाला घरात इतका आनंद झाला नव्हता.

यंदा दुसरा ट्रे आतल्या खोलीत ठेवला आहे. फटाक्यांच्या वेळी त्या खोलीच्या खिडक्या बंद, पडदे ओढलेले, रेडिओ बारीक आवाजात चालू आणि कपाटाजवळ टॉवेल घातलेले एक खोके, अशी योजना आहे. बोळातला ट्रे पाहुण्यांना दिसला तर दिसेल.

परवा दादाचा फोन आला. "अरे, आम्ही वसुबारसेला पोचतो," तो म्हणाला. "आधी त्याचा ट्रे कुठे आहे ते सांग. मी कुठे झोपायचं ते मग ठरवू."