आजोबांचा रेल्वेचा खेळ

मुलांच्या संगणकावरच्या खेळांचा विषय निघाला की आपण पालक आणि आजी-आजोबा 'किती वेळ वाया घालवतात' असं एका सुरात म्हणतो. मला त्यात सूर मिसळता येत नाही, कारण सत्तरी उलटल्यावर मीही रोज तासभर खेळतो. माझ्या लिनक्सच्या लॅपटॉपवर 'ओपनटीटीडी' आहे. रूळ टाकायचे, सिग्नल बसवायचे, मालगाड्या पळवायच्या आणि कंपनी बुडू द्यायची नाही!

ख्रिस सॉयर यांचा मूळ 'ट्रान्सपोर्ट टायकून डिलक्स' १९९५चा. २००४ मध्ये लुडविग स्ट्रिगिअस यांनी तो उलगडून नव्याने लिहिला आणि त्याचा सोर्स कोड सर्वांना खुला केला. तेव्हापासून देशोदेशीचे स्वयंसेवक त्यात भर घालत आहेत. उबुंटूवर तो पैशांविना, जाहिरातींविना मिळतो. पण फुकट आहे म्हणून मी त्याची शिफारस करत नाही. तो उघडून पाहता येतो, बदलता येतो, हे मला मोलाचं वाटतं.

यात राखाडी छटांचा उंचीचा नकाशा दिला की तसा मुलूख तयार होतो. सह्याद्रीचा देऊन बोरघाटात गाडी चढवून पाहा. इंजिन रडकुंडीला येतं, मागच्या गाड्या खोळंबतात. कर्जतला गाडीला मागून जादा इंजिनं का लावतात, हे सपाट हॉलंडमध्ये वाढलेल्या नातवंडाला मग सांगावं लागत नाही.

आता खरा मुद्दा. हा खेळ डचमध्ये आहे, फ्रिजियनमध्येही भाषांतर झालं आहे. मराठीतलं सुरू झालं, पण अपुरं राहिलं. खेळासोबत येणाऱ्या गावांच्या नावांत डच नावं आहेत, मराठी नाहीत. विकतच्या खेळाबद्दल आपण फार तर तक्रार केली असती. इथे मात्र काम आपल्यासाठीच थांबलं आहे.

मराठीच्या वर्गात मुलांना आणखी एक धडा गिरवायला लावण्यापेक्षा या खेळातल्या वीस ओळी भाषांतराला द्याव्यात, असं माझं स्पष्ट मत आहे. मुलं एकटी हे करू शकणार नाहीत, आणि आपणही नाही. रुळांचा 'सांधा' म्हणजे काय, 'रिकामे डबे' आणि 'रिते डबे' यांतलं कानाला कुठलं बरं वाटतं, हे तुम्हाला कळतं. भाषांतर कुठे लिहायचं, कसं पाठवायचं, हे त्यांना. 'डेपो' आणि 'सिग्नल' मात्र तसेच राहू द्या. शुद्ध भाषेच्या हट्टापायी कुणी 'अग्निरथ' लिहिलं, तर मुलं डचमध्येच खेळतील, आणि मीसुद्धा.

शरदाच्या सुट्टीत पोरं घरी असतातच. त्यांना कंपनीचं नाव मराठीत ठेवायला सांगा आणि शेजारी खुर्ची ओढून बसा.