जुनें पुढें, नवें मागें

सुपरमार्केट हा शब्द आतां घरांतील लहान मुलांच्याहि तोंडीं बसला आहे. भाजी, फळें, दूध, दहीं, पाव, सारें कांहीं एका छपराखालीं ओळीनें मांडलेलें असतें. हातीं टोपली घ्यावी, हवें तें उचलावें आणि दारापाशीं पैसे द्यावे. तेथील भावांविषयीं घरोघर पुष्कळ चर्चा होते. परंतु तो माल फडताळांवर येतो कसा, तो मांडतो कोण, आणि त्या मांडण्यांत कांहीं विद्या आहे कीं काय, हा प्रश्न सहसा कोणाच्या मनांत येत नाहीं. या महिन्यांत वाचकांशीं त्याविषयींच चार शब्द बोलण्याचें आम्हीं योजिलें आहे.

पूर्वीच्या दुकानांत गिऱ्हाईक मेजाच्या अलीकडे आणि माल पलीकडे असे. काय हवें तें सांगावें व दुकानदारानें तें काढून, तोलून द्यावें, अशी रीत होती. १९१६ सालीं अमेरिकेंतील मेंफिस शहरीं क्लॅरेन्स सॉन्डर्स या गृहस्थानें 'पिग्ली विग्ली' नांवाचें दुकान काढिलें व गिऱ्हाइकानें माल स्वतःच उचलून घ्यावा असा प्रघात पाडिला. पुढें १९३० सालीं न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागांत मायकेल कलेन यानें 'किंग कलेन' हें मोठें व स्वस्त दुकान उघडिलें. पहिलें सुपरमार्केट म्हणून बहुधा त्याचेंच नांव घेतात. आपल्या देशांत दिल्लीचा सुपर बझार १९६६ सालीं निघाला. आतां तर लहान शहरांतूनहि अशीं दुकानें दिसतात. मेज गेलें आणि गिऱ्हाइकाचा हात थेट मालास लागूं लागला. आणि तेव्हांच तो माल दिवसभर पुनःपुन्हां नीट लावणाऱ्या माणसाची गरज उत्पन्न झाली.

आमचा एक जुना विद्यार्थी अशाच एका दुकानांत ताज्या मालाच्या विभागांत काम करतो. त्याची पाळी पहांटे सुरू होते. घाऊक बाजारांतून आलेले भाजीचे क्रेट उतरवून घेणें हें पहिलें काम, आणि मांडणें हें दुसरें, असें आम्ही समजत होतों. परंतु या दोहोंच्या मध्यें निवडणें हें सर्वांत महत्त्वाचें काम असतें, असें त्यानें आम्हांस सांगितलें. एक नासका आंबा सारी आढी नासवितो, ही म्हण आपण मुलांच्या संगतीविषयीं वापरतों. पण ती शब्दशःहि खरी आहे. पिकणारें फळ इथिलीन नांवाचा वायु सोडतें. तो डोळ्यांस दिसत नाहीं, परंतु शेजारच्या फळांस लवकर पिकावयास लावितो. आंबा, केळें, पपई, सफरचंद, टोमॅटो हीं हा वायु सोडणारीं फळें होत. पालेभाज्या व काकडी यांस तो सोसत नाहीं. त्या त्यामुळें पिवळ्या पडतात. म्हणून सफरचंदांच्या ढिगाला लागून कोथिंबिरीची जुडी ठेवूं नये, हें तेथील नव्या पोरास पहिल्याच आठवड्यांत शिकवितात.

थंडीचेंहि तसेंच. भाजी तोडली म्हणजे तिचा कारभार संपला असें आपणांस वाटतें. वस्तुतः तिचा श्वासोच्छ्वास चालूच असतो. त्यांत तिच्यांतील सांठलेली साखर खर्ची पडते व पानांतून पाणी उडून जातें. थंडीनें हा खर्च मंदावतो, आणि ओलाव्यानें पान तजेलदार राहतें. म्हणून पालेभाज्यांचें फडताळ थंड व दमट ठेवितात. मंडईंतील भाजीवाली मेथीच्या जुड्यांवर ओलें गोणपाट टाकते व मधूनमधून पाणी शिंपडते, ती यंत्रावांचून हेंच शास्त्र आचरीत असते. परंतु सर्वांसच थंडी मानवते असें नाहीं. केळें सुमारें १३ अंशांखालीं गेलें कीं त्याची साल काळवंडते. बटाट्यास उजेड नको. उजेडांत तो हिरवा पडतो व त्यांत सोलानिन नांवाचें कडू, अपायकारक द्रव्य वाढतें. कांद्यास कोरडी व खेळती हवा लागते.

या सर्वांच्या वर एक नियम आहे. तो दुधादह्याच्या फडताळापाशीं विशेष पाळावा लागतो. जें आधीं आलें तें आधीं जावें. नवा माल आला कीं जुना पुढें ओढावयाचा आणि नवा त्याच्या मागें लावावयाचा. ऐकण्यास सोपें, पण करण्यास कष्टाचें. कारण प्रत्येक वेळीं सारी रांग बाहेर काढून, तारखा पाहून ती पुन्हां भरावी लागते. घाईंत असलेला मनुष्य नवा माल तसाच पुढें ढकलून मोकळा होतो. मग मागच्या पिशव्यांची मुदत अंधारांतच संपते.

आणि येथेंच आपण शहाणे लोक येतों. पुढची पिशवी आपण घेत नाहीं. हात कोपरापर्यंत आंत घालून मागची ओढून काढतों, तारीख वाचतों आणि घरीं गेल्यावर ती चातुर्याची गोष्ट म्हणून सांगतों. चार दिवस घरांत राहावयाच्या दह्यासाठीं तसें केलें तर त्यांत वावगें कांहीं नाहीं; गिऱ्हाइकाचा तो हक्कच आहे. परंतु आज रात्रींच्या कढीसाठीं पुढील आठवड्याच्या मुदतीचें दहीं कशास हवें? पुढचें दहीं तेथेंच राहतें, त्याची मुदत टळते, तें उचलून टाकावें लागतें, आणि त्याची किंमत फिरून आपल्याच बिलांत कोठेंतरी येऊन बसते.

संस्कृतांत शिळ्या अन्नास 'यातयाम' असा एक शब्द आहे. याम म्हणजे प्रहर. ज्याचा प्रहर होऊन गेला तें यातयाम. वेष्टनावरील तारीख म्हणजे हाच याम छापून ठेविलेला. मात्र या तारखा दोन प्रकारच्या असतात, हें पुष्कळांस ठाऊक नसतें. 'एक्स्पायरी' किंवा 'यूज बाय' लिहिलें असेल तर त्या दिवसानंतर तो पदार्थ खाऊं नये. तेथें काटकसर करूं नये. 'बेस्ट बिफोर' याचा अर्थ इतकाच कीं, त्या दिवसापर्यंत पदार्थाचा गुण उत्तम राहील. त्यानंतर तो विष होतो असें नव्हे. या दोहोंची गल्लत करून चांगलें अन्न फेंकणारीं शिकलेलीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत.

दुकानांचा दोष नाहीं असें आमचें म्हणणें नाहीं. दिवे मालवेपर्यंत फडताळ भरगच्च दिसलें पाहिजे, या हट्टापायीं रात्रीं उशिराहि ढीग रचितात आणि सकाळीं त्यांतील कांहीं फेंकितात. फ्रान्स देशानें २०१६ सालीं कायदा करून ४०० चौरस मीटरांहून मोठ्या दुकानांस विकलें न गेलेलें खाण्याजोगें अन्न नासविण्यास मनाई केली व तें दान देण्यासाठीं सेवाभावी संस्थांशीं करार करावयास लाविलें. हें योग्यच झालें. परंतु संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमानें २०२४ सालीं प्रसिद्ध केलेला अहवाल पाहतां दुसऱ्याकडे बोट दाखविण्यापूर्वीं आपण थबकावें. २०२२ सालीं जगांत दुकानें, खाणावळी व घरें मिळून सुमारें १०५ कोटि टन अन्न वायां गेलें. त्यांत दुकानांचा वांटा शेंकडा १२, खाणावळी इत्यादिकांचा २८, आणि घरांचा ६०. म्हणजे ज्या फडताळाविषयीं आपण नाक मुरडतों तेथें कोणीतरी तारखा पाहून रांग लावीत असतो. आपल्या फ्रिजांत बहुधा कोणीच लावीत नाहीं.

एकत्र कुटुंबांत तर हें विशेष घडतें. थोरले भाऊ येतांना कोथिंबीर आणितात, धाकटी सून आणिते, आजोबाहि फिरून येतांना स्वस्त दिसली म्हणून आणितात. तीन जुड्यांतील एक वापरली जाते. पूर्वीं कोठीच्या किल्ल्या एका वडीलधाऱ्या बाईच्या कमरेस असत. आधीचे गहूं संपल्यावांचून नव्या पोत्याचें तोंड ती उघडूं देत नसे. जुना तांदूळ मात्र मुद्दाम राखी, कारण तो मोकळा शिजतो. कशास वय मानवतें आणि कशास नाहीं, हें तिला पुस्तकावांचून ठाऊक होतें. किल्ल्या गेल्या त्या गेल्या. पण ती जबाबदारी कोणाच्या तरी गळ्यांत असावयास हवी, आणि ती स्त्रियांच्याच गळ्यांत असावी असें मुळींच नाहीं. आठवड्यांतून एकदां घरांतील एका मुलानें किंवा मुलीनें फ्रिज रिकामा करून, जुनें पुढें व नवें मागें असें लावावें. पुढचा एक कप्पा 'आधीं संपवावयाचें' म्हणून राखावा. बाजारास निघणाऱ्यानें आधीं त्या कप्प्यांत डोकावावें. अर्ध्या तासाचें हें काम आहे.

आतां त्या आमच्या विद्यार्थ्याविषयीं एक गोष्ट सांगितल्यावांचून राहवत नाहीं. त्याच्या घरीं नातलगांस, तो एका मोठ्या कंपनींत आहे, एवढेंच सांगतात. गेल्या वर्षीं त्याच्या लग्नाचीं बोलणीं चाललीं असतां मुलीच्या वडिलांनीं त्याच्या कामाची चौकशी केली. काका म्हणाले, "व्यवस्थापनाकडे आहे." तो तेथेंच बसला होता. तो शांतपणें म्हणाला, "काका, मी भाजी आणि दूध लावतों." ती सोयरीक जुळली नाहीं. काका अद्यापि त्याच्यावर रुष्ट आहेत.

आम्हांस त्यांत काकांचेंच नवल वाटतें. हातानें केलेल्या कामास विद्या म्हणावयाची नाहीं, ही आपल्या शिकलेल्या घरांची जुनी खोड आहे. तीच विद्या कृषिमहाविद्यालयांत पाटावर बसून शिकली तर ती पदवी. पहांटे उभें राहून, थंडीनें बोटें बधिर होईतों आचरली तर तिला आपण हमाली म्हणतों! दुसऱ्याच्या मुलास दूध नासलेलें मिळूं नये आणि चांगलें दूध गटारांत जाऊं नये, या दोन्ही गोष्टी जो रोज सांभाळतो, त्याच्या कामाचें नांव झांकून ठेवण्याजोगें काय आहे?

वाचकांनीं पुढील वेळीं अशा दुकानांत गेल्यावर रांग लावणारा कोणी दिसला तर वाट अडवून उभा आहे म्हणून त्याच्यावर त्रासूं नये. त्यास क्षणभर काम करूं द्यावें. आणि दूध आजच लागणार असेल तर त्यानें पुढें ओढून ठेविलेली पिशवी उचलावी.