मैदान आधी, नियम मागून

फुटबॉल नावाचा खेळ जगात एकच नाही. आपल्याकडे ज्याला नुसते फुटबॉल म्हणतात, त्याचे पूर्ण नाव असोसिएशन फुटबॉल. रग्बीचे मुख्य प्रकार दोन, एक पंधरा गड्यांचा व दुसरा तेरा गड्यांचा. याखेरीज अमेरिकन, ऑस्ट्रेलियन आणि आयर्लंडचा गेलिक फुटबॉल आहे. यांतला ‘खरा’ कोणता, असा वाद विद्यार्थी हौसेने घालतात. मला तो वाद निष्फळ वाटतो. हे खेळ एकमेकांना किती जवळचे आहेत, ते पाहण्यात अधिक गंमत आहे.

प्रथम चेंडू तराजूत घालू. असोसिएशन फुटबॉलचा चेंडू 410 ते 450 ग्रॅम, रग्बीचा 410 ते 460 ग्रॅम, अमेरिकन सुमारे 400 ते 425 ग्रॅम, तर गेलिक 480 ते 500 ग्रॅम. एक गोल, दुसरा लांबट. वजन मात्र जवळपास तेच! हा निव्वळ योगायोग नसावा. चेंडू फार हलका असेल तर हवेचा रोध त्याला लगेच थांबवतो. फुग्याला लाथ मारून पाहा. फार जड असेल तर लाथेने त्याला पुरेसा वेग मिळत नाही आणि पाय मात्र दुखावतो. माणसाचा पाय सगळीकडे सारखाच, म्हणून उत्तरही सारखेच आले.

आता नियम पाहू. 1863 साली लंडनमध्ये फुटबॉल असोसिएशनने पहिले नियम केले. त्यांत कोणत्याही गड्याला उडता चेंडू हातांनी झेलण्याची मुभा होती. चेंडूच्या पुढे उभा असलेला आपला गडी खेळाबाहेर धरला जाई, म्हणजे आजच्या रग्बीसारखेच. चेंडू हातात घेऊन पळावे की नाही आणि प्रतिस्पर्ध्याच्या नडगीवर लाथ मारावी की नाही, यावर भांडण झाले आणि ब्लॅकहीथ क्लब बाहेर पडला. रग्बीवाल्यांची स्वतंत्र संघटना 1871 ची.

पण ही भांडणे आली कोठून? मला वाटते, जमिनीतून. लंडनच्या चार्टरहाउस शाळेतील मुले दगडी फरशीच्या अरुंद ओवऱ्यांत खेळत. तेथे अंगावर झेप घेऊन पाडणे म्हणजे डोके फोडून घेणे. म्हणून चेंडू पायाशी खेळवत नेण्याचे कौशल्य वाढले. रग्बी शाळेपाशी विस्तीर्ण हिरवळ होती. तेथे धावणे आणि पाडणे दोन्ही परवडत असे. ईटनमध्ये तर एका लांब भिंतीलगतच्या चिंचोळ्या पट्टीत खेळायचा वेगळाच फुटबॉल आजही टिकून आहे.

हे सारे सांगण्याचे कारण आपल्या जिल्ह्यात आहे. नियमाप्रमाणे मैदान किमान 90 मीटर लांब व 45 मीटर रुंद हवे. सड्यावर जांभा, खाली बांधांनी तुकडे केलेले कुणगे. एवढी सपाट जागा किती शाळांजवळ असणार? मग ‘मैदान नाही, म्हणून फुटबॉल नाही’ असे ठरते आणि मुले वर्गात बसून राहतात. हे मला मुळीच पटत नाही. चार्टरहाउसच्या मुलांनी असा विचार केला असता तर?

मालवणला चिवल्याची पुळण आहे. तेथे एक मोजणी करा. चेंडू 1 मीटर उंचीवरून आधी ओहोटीने उघड्या पडलेल्या ओल्या, घट्ट वाळूवर सोडा, मग वरच्या कोरड्या वाळूवर, आणि नंतर शाळेजवळच्या कातळावर. प्रत्येक वेळी तो किती उसळतो ते पट्टीने पाहा. कोरड्या वाळूत चेंडूची बहुतेक ऊर्जा वाळूचे कण सरकवण्यात खर्च होते. तो ना उसळतो, ना घरंगळतो. तेथे पायाने चेंडू नेण्याचा हट्ट कशाला? पण पडणाऱ्याचा वेग तीच वाळू हळूहळू शोषते, म्हणून आघाताचे बल कमी राहते. तेव्हा कोरड्या वाळूत कबड्डीसारखी पकड चालेल. जांभ्यावर मुळीच नको.

क्रीडाशिक्षक म्हणतील, स्पर्धा छापील नियमांनीच होतात. खरे आहे. आपल्या हुतूतूचेही संजीवनी, गामिनी, अमर असे प्रकार होते. 1923 साली बडोद्यात नियम छापले गेले, पुढे त्यांत सुधारणा होत गेल्या, आणि 1990 मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डीला पदक मिळू लागले. एकसारख्या नियमांवाचून हे झाले नसते. पण आठवीच्या दोन तुकड्यांचा शनिवारचा सामना म्हणजे बीजिंग नव्हे.

त्या सामन्यासाठी माझा नियम असा: ओल्या पट्ट्यात चेंडूला फक्त पाय लावायचा, कोरड्या वाळूत हातात घेऊन पळायचे, आणि पुढच्या गड्याकडे हाताने फेकायचा नाही. सामना ओहोटी लागल्यावर सुरू करावा. म्हणजे ओला पट्टा रुंद होत जाईल आणि रग्बीसारखा सुरू झालेला खेळ तासाभरात फुटबॉलकडे झुकू लागेल. भरतीच्या वेळी हाच सामना उलटा खेळून पाहायला हरकत नाही. मात्र एका शिक्षकाने पाण्याकडे लक्ष ठेवून उभे राहावे.