रेषेला भाषा नसते म्हणे!

‘गणिताला आणि ड्रॉइंगला कसली आली आहे भाषा? रेष ती रेष! इंग्रजीत शिकली काय नि मराठीत शिकली काय!’ सीमाभागात मुलाचे नाव मराठी शाळेतून काढताना हे वाक्य हमखास ऐकू येते. आमच्या माळव्यात घरातली मराठी आवरती घेतानाही तेच ऐकू येते. बोलणारे शिकलेले असतात, म्हणून या वाक्याचा समाचार घेणे भाग आहे.

याचे चोख उत्तर चीनमध्ये चारशे वर्षांपूर्वी मिळाले आहे. मात्तेओ रिची हा इटालियन जेझुइट पाद्री पेकिंगला गेला, तेव्हा युक्लिडची भूमिती त्याच्याबरोबर गेली. शू ग्वांगची या चिनी विद्वानाने तिच्या आकृत्या पाहून नुसती मान डोलावली नाही. त्याने पाहुण्याला समोर बसवले. रिचीने तोंडी अर्थ सांगायचा, शूने तो चिनीत उतरवायचा, असा उद्योग चालला आणि १६०७ साली पहिले सहा अध्याय चिनीत आले. बिंदू, रेषा, समांतर यांसाठी तेव्हा रूढ केलेले शब्द तिथली शाळकरी मुले आजही वापरतात.

पुढे वांग चंग या अधिकाऱ्याला युरोपातल्या यंत्रांची चित्रे चिनीत आणण्याची ओढ लागली. योहान श्रेक या पाद्र्याने त्याला बजावले, आधी मापन आणि गणित शिका, मग यंत्रे. वांग शिकला, आणि १६२७ साली दोघांचे सचित्र पुस्तक निघाले. १७२९ साली न्येन शीयाव याने यथार्थदर्शनावर, म्हणजे लांबची वस्तू कागदावर कशी काढावी या शास्त्रावर, चिनीत ग्रंथ लिहिला. हा गृहस्थ बादशाही चिनीमातीच्या भट्ट्यांवरचा अधिकारी. दरबारातल्या कास्तिल्योने या इटालियन चित्रकाराला विचारून विचारून त्याने हे ज्ञान मिळवले.

रेषेला भाषा नसती, तर ही यातायात कशाला? चित्रे नकलून भागले असते. तसे नकलूनही पाहिले गेले. वांगच्या पुस्तकातल्या आकृत्या १७२६ च्या बादशाही ज्ञानकोशात उतरवल्या गेल्या, आणि काही ठिकाणी यंत्राचा कोणता भाग कशाला जोडला आहे हेच कळेनासे झाले. न समजता ओढलेली रेष ही अशी असते.

आता आपल्या अंगणात या. हाच रिची १५७८ साली गोव्यात उतरला आणि १५८२ पर्यंत गोवा-कोचीनकडेच होता. त्याच्याच संघाचा थॉमस स्टीफन्स १५७९ साली गोव्यात आला, इथली भाषा शिकला, आणि १६१६ साली त्याचे ‘क्रिस्तपुराण’ छापून निघाले. त्याने मराठीची थोरवी गायिली म्हणून आपण अजून सुखावतो. पण हिशेब मांडा. एकाच संघाचे पाद्री, एकाच समुद्रवाटेने आलेले. चिनीला भूमिती मिळाली, मराठीला पुराण मिळाले! पुराणाबद्दल तक्रार नाही, ते मराठीचे भूषणच आहे. पण देणारे तेच असताना देणे वेगळे का झाले? तिकडे मागणारा शू होता.

कोणी म्हणेल, गोव्यात पाद्र्यांमागे पोर्तुगीज सत्ता होती, पेकिंगात ते पाहुणे होते. मान्य. पण १७९० नंतर पुण्यात सत्ता कोणाची होती? इंग्रज वकील मॅलेट याच्या पुढाकाराने चित्रकार जेम्स वेल्सने पेशव्यांच्या पुण्यात चित्रशाळा चालवली. गंगाराम तांबट हा आपला माणूस तिथे तयार झाला. त्याने वेरूळच्या लेण्यांची काढलेली चित्रे आज अमेरिकेत येल विद्यापीठात जपून ठेवली आहेत. वेल्स १७९५ साली वारला, मॅलेट निघून गेला आणि चित्रशाळा संपली. हात तयार झाला, ग्रंथ झाला नाही.

याची उलट बाजू आमच्या माळव्याशी जोडलेली आहे. उज्जैनची वेधशाळा उभारणाऱ्या सवाई जयसिंगाच्या पदरी जगन्नाथ सम्राट हे महाराष्ट्रीय पंडित होते. अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात त्यांनी अरबीवरून युक्लिड संस्कृतात आणला. ‘रेखागणित’ त्याचे नाव. चीनने सहा अध्याय घेतले, जगन्नाथपंतांनी पंधरा! पण तो छापून निघायला १९०१ साल उजाडले, आणि संस्कृत काही सुतार-गवंड्याची बोली नव्हे. इथे ग्रंथ झाला, हातापर्यंत पोचला नाही.

‘मग चीनने तरी काय दिवे लावले?’ असाही प्रश्न येईल. रास्त आहे. युक्लिडचे उरलेले नऊ अध्याय चिनीत यायला १८५७ उजाडले. मागणे थांबले की देणेही थांबते. हा दाखला माझ्याच बाजूचा आहे.

आज आमच्या सिमरोलला आयआयटी इंदूरचा विस्तीर्ण परिसर आहे. गावाच्या वेशीवर एवढी विद्या येऊन बसली, याचा आनंदच आहे. पण वह्या तपासताना दिसते ते निराळे. आकृती छापल्यासारखी सुबक असते, आणि ‘हा कोन नव्वद अंशांचाच का?’ म्हटले की पोर गप्प. हात शिकला, जीभ शिकली नाही.

द्वैभाषिक मुलखात हे व्हायला नको होते. मराठीत जो काटकोन, तो हिंदीत समकोण, कानडीत लंबकोन. मराठीचा लघुकोन हिंदीत न्यूनकोण. आपला सुतार गुण्या म्हणतो, इकडचा गुनिया. दोन भाषांतले दोन शब्द शेजारी ठेवले की वस्तू दोन्ही बाजूंनी दिसते. शू आणि रिची यांनी दुसरे काय केले? दोन भाषा ही आपली अडचण नव्हे, भांडवल आहे. ते आपण इंग्रजीच्या एका पाटीसाठी मोडीत काढतो आहोत.

२०२१ साली मराठीसह अनेक भारतीय भाषांतून अभियांत्रिकी शिकवण्याची वाट अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने मोकळी केली. सत्तेची सबब आता उरलेली नाही. पालकहो, इंग्रजी जरूर शिकवा. रिचीसारख्या परक्याजवळचे घ्यायचे तर ती हवीच. पण मुलाने काढलेली आकृती त्याला रोज घरात मराठीतून समजावून सांगायला लावा. अडला तर शब्द शोधा. पुस्तकात नसेल तर सुताराला विचारा, त्याच्याकडे नसेल तर घडवा. देणारे चारशे वर्षांपूर्वीही दाराशी आले होते, आजही आहेत. मागायचे कोणी?