डबा कशाचा असावा

स्वयंपाकघरातील प्लास्टिकच्या डब्यांच्या बाजूने जो पक्ष मांडला जातो, त्याचे सामान्यतः तीन आधार असतात. डब्यावर 'फूड ग्रेड' किंवा 'बीपीए-मुक्त' असा शिक्का आहे, हा पहिला; डब्यातून अन्नात जे काही उतरते ते दखल घेण्याइतके नसते, हा दुसरा; आणि स्टील व काच महाग, जड किंवा फुटणारी आहे, हा तिसरा. तिसऱ्यात तथ्य आहे आणि त्याला उत्तरही आहे. पहिले दोन मात्र ऐकायला जितके भक्कम वाटतात तितके तपासणीत टिकत नाहीत.

बीपीए, म्हणजे बिस्फेनॉल-ए, हे पॉलिकार्बोनेट नावाचे काचेसारखे पारदर्शक व टणक प्लास्टिक बनवताना वापरले जाणारे रसायन असून, ते शरीरात इस्ट्रोजेन या स्त्रीसंप्रेरकासारखे वागते, हे लंडनमधील रसायनशास्त्रज्ञ चार्ल्स डॉड्स यांनी १९३६ सालीच दाखवले होते. पॉलिकार्बोनेटचा शोध त्यानंतर सुमारे १७ वर्षांनी लागला. आता ज्या डब्यांवर 'बीपीए-मुक्त' हा शिक्का अभिमानाने मिरवतो, ते बहुतेक डबे पॉलिप्रॉपिलीनचे, म्हणजे तळाशी त्रिकोणात ५ हा आकडा असलेले असतात, आणि पॉलिप्रॉपिलीनमध्ये बीपीए मुळातच वापरले जात नाही. जे कधी नव्हतेच ते काढून टाकल्याची ही जाहिरात ग्राहकाला काहीच सांगत नाही. उलट जिथे बीपीए खरोखर काढले गेले, तिथे अनेकदा त्याचेच भावंड असलेले बिस्फेनॉल-एस आले आणि प्रयोगशाळेत तेही संप्रेरकासारखेच वागताना आढळले. 'मायक्रोवेव्ह सेफ' या शब्दांचीही गत निराळी नाही: डबा त्या उष्णतेत वितळणार नाही, वाकडा होणार नाही, एवढीच हमी त्यात प्रामुख्याने असते.

'फूड ग्रेड' या शिक्क्यामागे मात्र कायदा आहे हे मान्य केले पाहिजे. अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार प्लास्टिकमधून अन्नात उतरणाऱ्या सर्व द्रव्यांचे एकूण वजन किलोमागे ६० मिलिग्रॅमपेक्षा जास्त असता कामा नये. परंतु ही मर्यादा वजनाची आहे आणि तिची चाचणी ठरावीक तापमानाला, ठरावीक वेळ, ठरावीक द्रावणात होते. वर्षानुवर्षे तारेच्या घासणीने खरवडलेल्या, आतून धुरकट झालेल्या आणि उकळती आमटी ओतलेल्या डब्याबद्दल ती चाचणी मौन पाळते.

दुसरा आधार मात्रेचा आहे. बीपीए काही तासांत लघवीवाटे बाहेर टाकले जाते, म्हणून चिंता नको, असे म्हटले जाते. त्यातील पूर्वार्ध खरा असला तरी उत्तरार्ध त्यातून निघत नाही, कारण जे रोज बाहेर जाते ते रोजच्या जेवणातून पुन्हा आतही येते आणि संप्रेरके मुळातच अत्यल्प प्रमाणात काम करतात. युरोपीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली बीपीएची सुसह्य मात्रा शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ४ मायक्रोग्रॅम ठरवली होती. २०२३ साली, मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवरील परिणाम पाहून, तीच ०.२ नॅनोग्रॅमवर, म्हणजे वीस हजार पटींनी खाली आणली गेली. जर्मनीच्या जोखीम मूल्यमापन संस्थेला हे मान्य झाले नाही, आणि हा मतभेद प्लास्टिकचे समर्थक आवर्जून पुढे करतात. परंतु त्या संस्थेने स्वतः सुचवलेली २०० नॅनोग्रॅमची मर्यादासुद्धा जुन्या मर्यादेपेक्षा वीस पटींनी कडक आहे, एवढे सांगायचे ते विसरतात. अन्नाला स्पर्श करणाऱ्या वस्तूंमध्ये बीपीए वापरण्यावरील युरोपीय संघाची बंदी जानेवारी २०२५ पासून लागू झाली.

पॉलिप्रॉपिलीन बीपीएच्या आरोपातून सुटले तरी कणांच्या आरोपातून सुटत नाही. अमेरिकेतील नेब्रास्का विद्यापीठाच्या २०२३ सालच्या अभ्यासात, मायक्रोवेव्हमध्ये तीन मिनिटे तापवलेल्या प्लास्टिकच्या काही डब्यांच्या दर चौरस सेंटिमीटरमधून चाळीस लाखांहून अधिक सूक्ष्मकण आणि दोनशे कोटींहून अधिक अतिसूक्ष्म कण सुटल्याचे आढळले. हे कण शरीरात किती अपाय करतात हे अद्याप ठरायचे आहे. पण ते सुटतात आणि उष्णतेने अधिक सुटतात, यावर आता वाद उरलेला नाही. यासाठी प्रयोगशाळेपर्यंत जाण्याचीही तितकीशी गरज नाही. ज्या डब्यात एकदा रस्साभाजी ठेवली, त्याचा हळदीचा पिवळा डाग आणि लसणाचा वास कितीही घासला तरी जात नाही, याचा अर्थ तेलात विरघळलेले पदार्थ प्लास्टिकच्या आत शिरतात. आणि ज्या भिंतीतून आत शिरता येते तिच्यातून बाहेरही येता येते.

असे असले तरी प्लास्टिकविरोधाच्या नावाखाली जे जे बोलले जाते ते सर्व ग्राह्य नाही. काळ्या प्लास्टिकच्या उलथन्या-चमच्यांतील ज्वालारोधक रसायनांविषयी २०२४ साली गाजलेल्या एका शोधनिबंधात सात हजारांना साठने गुणताना एक शून्य गळाले, त्यामुळे सुरक्षित मर्यादा दहा पटींनी कमी दाखवली गेली आणि धोका तितकाच फुगला. दुरुस्ती नंतर छापली गेली, पण तोवर चमचे कचऱ्यात गेले होते.

याहून गंभीर चूक 'आजीच्या काळातील तांब्या-पितळेकडे परत चला' असे सांगणाऱ्यांची आहे. पितळ म्हणजे तांबे व जस्त यांचा मिश्रधातू. त्यात ताक-कढी कळकते, म्हणून आतून कथलाचा पातळ थर, म्हणजे कल्हई, देण्याची रीत पडली, आणि कल्हई उडाली की खालचे तांबे पुन्हा उघडे पडते. 'इंडियन चाइल्डहूड सिऱ्हॉसिस' हा लहान मुलांचे यकृत निबर करत नेणारा, बहुधा प्राणघातक ठरणारा विकार पितळी भांड्यांत तापवलेल्या व साठवलेल्या दुधातील तांब्याशी जोडलेला असावा, असे पुण्यातील भावे व पंडित या डॉक्टरांनी ब्रिटनच्या टॅनर यांच्यासह १९८३ साली 'लॅन्सेट'मध्ये मांडले. दुधातील केसीन हे प्रथिन तांबे धरून ठेवते, हेही पुढे दिसले. आनुवंशिक प्रवृत्तीचा वाटा असावा असे मानले गेले तरी हा विकार पुढे विरळ झाला, आणि त्याच काळात घरोघरचे पितळ मागे पडून स्टील आले होते. ज्या पुण्यात हे संशोधन झाले त्याच पुण्यात आज पितळी भांडी आरोग्यदायी म्हणून चढ्या भावाने विकली जावीत, ही विस्मृती विलक्षण आहे.

तेव्हा कोणताही पदार्थ सर्वार्थाने निर्दोष आहे असा आग्रह सोडून, कोणते अन्न कशात आणि किती वेळ ठेवायचे, हे विचारणे योग्य. स्टेनलेस स्टील गंजत नाही ते त्यातील क्रोमियमचा अतिशय पातळ, आपोआप सांधला जाणारा ऑक्साइडचा थर वर असतो म्हणून. १८ टक्के क्रोमियम व ८ टक्के निकेल असलेले स्टील दूध, तूप, उरलेली आमटी, भाजी यांसाठी उत्तम. मिठातील क्लोराइड मात्र तो थर ठिकठिकाणी फोडते, त्यामुळे महिनोन्महिने खारात राहणारे लोणचे स्टीलमध्ये ठेवू नये. त्यासाठी काचेची किंवा चिनी मातीची बरणी, वर दादरा बांधलेली, हीच योजना अजून सरस आहे, फक्त बरणीची झिलई तडकलेली नसावी. निकेलची ॲलर्जी असलेल्यांनी आंबट पदार्थही काचेतच ठेवावेत. जर्मलच्या, म्हणजे ॲल्युमिनियमच्या, भांड्यांना आंबट-खारट सोसत नाही, त्यांची शिफारस करता येत नाही.

खर्चाच्या आक्षेपाला उत्तर या वर्गवारीतच आहे. गरम, तेलकट, आंबट किंवा खारट, एवढेच अन्न प्लास्टिकमधून काढायचे म्हटले तर बहुतेक घरांत चार-पाच डबे बदलावे लागतात. रवा, पोहे, साबुदाणा, डाळी कोरड्या व थंड असल्याने त्यांचे धड असलेले प्लास्टिकचे डबे निकामी होईपर्यंत वापरण्यात फारसे बिघडत नाही, आणि ते एकदम फेकून कचरा वाढवण्यात शहाणपणही नाही. आधी जावेत ते श्रीखंडाचे, आइस्क्रीमचे आणि हॉटेलच्या पार्सलचे पातळ डबे, जे थंड किंवा एकवेळच्या वापरासाठी बनलेले असून मराठी घरांत मात्र फोडणीचे तेल आणि गरम उसळ यांसाठी वर्षे काढतात. खिळे, बटणे, सुया-दोरे यांसाठी ते अजून चालतील. स्टीलचा डबा महाग खरा, पण तो मोडीतही विकला जातो, आणि बोहारीण जुन्या कपड्यांच्या बदल्यात तो देत असे हे विसरू नये. काचेच्या नव्या डब्यांची झाकणे बहुधा प्लास्टिकचीच असतात. तिथे अन्न निवल्यावर झाकण लावणे, डबा काठोकाठ न भरणे आणि तापवताना झाकण काढून ठेवणे पुरेसे आहे.