खेळ त्याचा, कर सरकारचा, कर्ज घराचं

जुगार म्हटलं की अजूनही आपल्या डोळ्यांपुढे मटक्याचा अड्डा येतो. बसस्टँडमागची टपरी, चिठ्ठीवर लिहिलेला आकडा, पोलिसांची धाड पडली की पळापळ. नवरा कुठे जातो, हे घरातल्या बाईला निदान कळायचं तरी! आता अड्डाच खिशात आलाय. रात्री दोन वाजता पांघरुणात रमीचा डाव चालतो आणि शेजारी झोपलेल्या बायकोला पत्ताही नसतो.

मैत्रिणींनो, या खेळाबाबत सरकारने आजवर काय काय केलं, ते आपण समजून घ्यायला हवं. कारण त्यात जाणारा पैसा शेवटी आपल्याच डब्यातला असतो.

आपल्याकडचा जुगाराचा मूळ कायदा ब्रिटिशांच्या काळातला, १८६७ सालचा. कौशल्याच्या खेळांना त्यात मोकळीक होती. पुढे १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं. मोबाईलवर पैशाचे डाव मांडणाऱ्या कंपन्यांनी हाच आधार धरला. त्यात जुगार हा राज्यांच्या अखत्यारीतला विषय, म्हणून जितकी राज्यं तितक्या तऱ्हा. सिक्कीमने २००८ मध्ये कायदा करून ऑनलाइन खेळांना परवान्याची वाट मोकळी केली. नागालँडने २०१६ मध्ये कौशल्याच्या खेळांसाठी परवाने आणले. तमिळनाडूने २०२५ मध्ये रात्री बारा ते पहाटे पाच पैशाचे खेळ बंद ठेवण्याचा नियम केला. सगळ्या देशासाठी एक परवाना मात्र नव्हताच.

परवान्याचा पत्ता नसला तरी कराची घाई होती. एप्रिल २०२३ पासून खेळात जिंकलेल्या निव्वळ रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर कापला जाऊ लागला. ऑक्टोबर २०२३ पासून खेळायला भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला. म्हणजे जिंकला तरी सरकारचा वाटा, हरला तरी सरकारचा वाटा! या बदलानंतर सहा महिन्यांत ऑनलाइन खेळांमधून मिळणारा महसूल १,३४९ कोटींवरून ६,९०९ कोटींवर गेला, असं अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी सप्टेंबर २०२४ मध्ये सांगितलं. तो आकडा वाचताना मनात आलं, यात किती घरांचा किराणा असेल, किती मुलींची फी असेल?

कर वाढवला की लोक आपोआप कमी खेळतील, असं काही जण म्हणतात. हिशोबी माणसाच्या बाबतीत ते खरंही असेल. पण ज्याला नाद लागलाय तो कराचा हिशोब करत बसत नाही. गेलेले परत मिळवायचे एवढंच त्याच्या डोक्यात असतं. शिवाय ज्या खेळातून तिजोरी भरते, तो खेळ थांबावा असं तिजोरीच्या मालकाला मनापासून वाटेल का?

आमच्या बचत गटातल्या एका ताईने पिठाच्या गिरणीसाठी चाळीस हजारांचं कर्ज घेतलं होतं. गिरणी आलीच नाही. पैसे नवऱ्याने मोबाईलवरच्या रमीत घालवले. ही २०२४ मधली गोष्ट, तेव्हा तो खेळ राजरोस चालत होता. मी तिला घेऊन त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावला, म्हटलं हे खातं बंद करा. उत्तर अगदी नम्र होतं, “मॅडम, खातेदारानेच सांगायला हवं.” हप्ते मात्र अजून तीच फेडतेय. द्रौपदीला पणाला लावतानाही तिला कुणी विचारलं नव्हतं!

मग ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैशाच्या ऑनलाइन खेळांवर बंदीच आणली. खेळ चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड, जाहिरात करणाऱ्याला दोन वर्षं आणि पन्नास लाखांपर्यंत. बँकांनाही असे व्यवहार करायला मनाई. मी या बंदीच्या बाजूची आहे. पण गंमत पाहा, पुढच्याच महिन्यात जीएसटीचे दर बदलले, त्यात कॅसिनो, लॉटरी, घोड्यांच्या शर्यतींबरोबर या ऑनलाइन खेळांचाही दर २८ वरून ४० टक्के झाला. एका हाताने बंदी, दुसऱ्या हातात करपावती!

बंदीने खेळ चोरून चालेल, परदेशातली अॅप्स बोकाळतील, असा आक्षेप आहे. तो खोटा नाही. दारूबंदीचा अनुभव आपल्याला आहेच. म्हणूनच नुसती बंदी किंवा नुसता कर पुरणार नाही. घरच्या माणसाला कायद्यात जागा हवी.

सिंगापूरने ती दिली आहे. तिथे ऑनलाइन पैज घेणाऱ्याला सरकारी परवाना लागतो. तिथल्या नागरिकाला कॅसिनोत शिरायला दिवसाचे १५० डॉलर प्रवेशशुल्क पडतं. आणि मुख्य म्हणजे पती-पत्नी, आई-वडील, मुलं किंवा भावंडं अर्ज करू शकतात, की आमच्या या माणसाला खेळू देऊ नका. एक समिती दोन्ही बाजू ऐकते. तिला पटलं, तर कॅसिनोचं दार आणि ऑनलाइन खातं, दोन्ही बंद! जुगाराने पोळतं ते अख्खं घर, हे त्या कायद्याने मान्य केलं.

आपल्याकडेही हे का होऊ नये? घरखर्चाच्या खात्यातून अशा अॅपला पैसे जाताना दिसले, तर ते रोखण्याचा अर्ज बायकोला किंवा आईला करता यायला हवा. महिला मंडळांनी, बचत गटांनी ही मागणी आमदार-खासदारांकडे लावून धरावी.

तोवर आपल्या हातात आहे ते करूया. केंद्राच्या नव्या कायद्यात शिक्षा खेळ चालवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. म्हणून “नवरा आत जाईल” या भीतीने गप्प राहू नका. कुणी फसवून पैसे काढले असतील तर १९३० या क्रमांकावर लगेच तक्रार करा. महिन्यातून एकदा पासबुक भरून आणा आणि दोघांनी मिळून वाचा. चार पैसे कुठे गेले, हे विचारणं म्हणजे संशय घेणं नव्हे. घर आपलंही आहे, तो आपला हक्कच आहे!