नातीचा एक तास



शाळेतून आले की मुले दप्तर टाकून डोरेमॉन लावतात, शिनचॅन लावतात आणि आपण स्वयंपाकघरातून ओरडतो, "बंद कर ते!" मीही ओरडत असे. जपानमध्ये तयार होणाऱ्या या चित्रमालिकांना आणि चित्रपटांना 'अ‍ॅनिमे' म्हणतात. १९९३ च्या सुमारास दूरदर्शनवर रविवारी सकाळी मोगली येत असे आणि अर्धी चाळ एका टीव्हीपुढे बसत असे. तोही जपान्यांनीच काढलेला होता, हे मला परवा परवा नातीकडून कळले.

गेल्या वर्षी मी सहा महिने अमेरिकेत मुलाकडे राहून आले. नात एकोणीस वर्षांची, कॉलेजात जाते. एके दिवशी उड्या मारत आली, "आजी, मला एक तास मिळाला!" मला वाटले, शिकवणीचा.

तिकडे अ‍ॅनिमेच्या चाहत्यांची संमेलने भरतात. लॉस एंजेलिसचे 'अ‍ॅनिमे एक्स्पो' १९९२ साली सुरू झाले. 'ओटाकॉन' १९९४ साली पेनसिल्व्हेनियातील एका लहानशा कॉलेजगावी भरले, २०१७ पासून ते वॉशिंग्टनला भरते. तीन-चार दिवसांची जत्राच. मुले-मुली आवडत्या पात्राचा पोशाख करून येतात, पुस्तकांची दुकाने लागतात, जपानहून कलाकार येतात. पण मला नवल वाटले ते चाहत्यांच्या 'पॅनेल'चे. काही महिने आधी अर्ज करायचा: विषय काय, थोडक्यात माहिती, किती वेळ हवा, लहान मुलांसमोर चालेल का. आयोजकांना पटले तर एक खोली, एक ध्वनिक्षेपक, एक पडदा आणि तासभर वेळ मिळतो. मानधन नाही. काही ठिकाणी प्रवेश फुकट मिळतो, एवढेच. वक्ता विद्वान असावा, प्राध्यापक असावा अशी अट नाही. मनापासून पाहिले आहे आणि सांगण्यासारखे काही आहे, इतके पुरे. (आपल्याकडे व्यासपीठावर कोण बसणार यावरच सभेचा निम्मा वेळ जातो, ते आठवले.)

नातीचा विषय होता ओसामू तेझुका यांची 'बुद्ध' ही चित्रकथा. तेझुका वैद्यकीचे पदवीधर, पण आयुष्यभर चित्रे काढली. १९८९ साली वारले. 'बुद्ध' त्यांनी १९७२ ते १९८३ अशी अकरा वर्षे लिहिली. इंग्रजीत तिचे आठ जाडजूड भाग आहेत, आणि २०११ साली तिच्यावर अ‍ॅनिमे चित्रपटही निघाला. गंमत अशी की, कथा सिद्धार्थापासून सुरू होत नाही. आधी येतो छाप्रा नावाचा शूद्र दास आणि तत्ता नावाचा अस्पृश्य पोर. ही दोघे तेझुकांच्या कल्पनेतली, ग्रंथांत सापडणार नाहीत. छाप्रा कोसलच्या सेनापतीचा जीव वाचवतो, सेनापती त्याला मुलगा मानतो, आणि मग छाप्राला आपला जन्म लपवावा लागतो. त्याची आई दासी. ती समोर आली की सगळे उघडे पडणार.

नातीने छाप्राशेजारी सुनीताला उभे करायचे ठरवले. राजगृहाचा झाडूवाला सुनीत, ज्याला तथागतांनी भिक्खू केले. त्याच्या गाथा थेरगाथेत आहेत, आणि बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' मध्येही त्याची दीक्षा सांगितली आहे. वर्षावासात मी विहारात हा ग्रंथ वाचते, तेव्हा त्या भागाशी बायकांचे डोळे भरून येतात. पोरीला ते माझ्याकडूनच ठाऊक.

तयारी आम्ही ओट्याजवळ केली. ती उभी राहून बोलायची, मी पोळ्या लाटत घड्याळ बघायची. पहिल्या दिवशी एक तास चाळीस मिनिटे लागली! तेझुकांचा जन्म, शाळा, पहिले चित्र, सगळे घेतले होते. मी म्हटले, "बाई, लोक छाप्रासाठी आलेत. बारशाचे जेवण नको वाढूस." मग काटछाट केली. चाळीस मिनिटे बोलणे, पंधरा मिनिटे प्रश्न, पाच मिनिटे हाताशी राखून. पडद्यावर एका वेळी एकच चित्र, खाली अक्षरे थोडी, कारण लोक वाचायला लागले की ऐकत नाहीत.

मुलगा मात्र एकच गोष्ट सांगत होता, "अर्जात आडनाव देऊ नकोस." ऑफिसात आपल्याकडचेच लोक. "नागपुरात कुठे?" असे गोड आवाजात विचारतात. त्याच्या बैठकीच्या खोलीत बुद्धमूर्ती आहे, बाबासाहेबांची तसबीर मात्र आतल्या खोलीत. बुद्ध सगळ्यांना चालतो. सिएटल शहराने २०२३ साली जातिभेदाविरुद्ध कायदा केला, पण हा राहतो दुसरीकडे. नातीने आडनाव दिले नाही.

त्या दिवशी खोलीत ऐंशी-एक खुर्च्या, साठ भरलेल्या. निळ्या केसांची पोरे, पाठीला लाकडी तलवारी लावलेली. आणि संगणकाची वायर पडद्याच्या यंत्रात बसेना! स्वयंसेवक धावाधाव करू लागले. माझे पाय गार पडले. पण पोरीने माईक उचलला आणि चित्रांवाचूनच छाप्राची गोष्ट सांगायला सुरुवात केली, विहारात सांगतात तशी. सात-आठ मिनिटांनी पडदा उजळला, तोवर खोली तिच्या हातात आली होती.

प्रश्नांच्या वेळी आपल्याकडचा एक मुलगा उठला. म्हणाला, "हे सगळे अडीच हजार वर्षांपूर्वीचे. आज कुठे आहे?"

नात थांबली. माझ्या शेजारी मुलगा बुटांकडे बघत बसला होता. ती म्हणाली, "कार्यक्रमपत्रिकेत सगळ्या वक्त्यांची आडनावे आहेत. माझे नाही. का नाही, ते मला विचारा." आणि मग तिने सांगितले की, तिच्या पणजोबांनी १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात दीक्षा घेतली, आणि त्याआधी गावात त्यांना पाणी कसे वरून ओतून मिळत असे. तलवारवाल्या पोरांतून कुणी हूं की चूं केले नाही. दाराशी उभी स्वयंसेवक मुलगी पाच मिनिटे उरल्याची पाटी दाखवायचीच विसरली.

बाहेर आल्यावर सातआठ जण तिच्याभोवती जमले. एका मुलीने सुनीत कसे लिहायचे ते हातावर लिहून घेतले.

गाडीत मुलगा गप्प होता. घरी आल्यावर मला म्हणाला, "तूच शिकवलेस तिला." मी म्हटले, "हो." दोन दिवस आमचे बोलणे जेवणापुरते.

आता पुढच्या संमेलनाचा अर्ज निघाला आहे. परवा फोनवर नात सांगत होती, आडनावाच्या रकान्यावर बोट ठेवून तिने बाबांना विचारले. ते म्हणाले, "तुझे तू ठरव." तिला या खेपेला प्रकृतीवर बोलायचे आहे, आनंदाला पाणी देणाऱ्या चांडाळकन्येवर. पण विषयाचा अ‍ॅनिमेशी संबंध दाखवावा लागतो, आणि तो काही तिला अजून सापडत नाही. तेझुकांचे आठही भाग पुन्हा चाळते आहे.